हिरडीवरची काळी रेघ

डॉक्टरबाईंनी मला तोंड उघडायला सांगितलं. बॅटरी मारून आत बघितलं नि म्हणाल्या, "आजी, मिशरी किती वेळा लावता?"

मी म्हटलं, "सकाळी एकदा, झोपताना एकदा."

माझी नात वनी शेजारी पिशवी धरून उभी होती. नऊ वर्षांची. ती खुदकन हसली. "खोटं सांगते. नदीवर पण लावते. मिशरीची डबी कमरेलाच असते हिच्या."

डॉक्टरबाई पण हसायला लागल्या आणि हसता हसता थांबल्या. वनीकडे बघत राहिल्या. "इकडे ये गं. पुन्हा हस बघू."

आता वनी लाजली, ओठ मिटून घेतले. बाईंनी अंगठ्याने तिचा खालचा ओठ खाली ओढला. दाताच्या मुळाशी, हिरडीवर, पेन्सिलीने ओढावी तशी काळी निळी रेघ होती.

"ही पण मिशरी लावते?"

"नाही हो. लावली तर हिची आई हात मोडून ठेवेल."

"मग ही रेघ कसली?" असं त्या स्वतःशीच बोलल्या. मग मला विचारलं, "राहता कुठे? काम काय करता?"

"अंबरनाथला, बुवापाड्यात. नदीवर राख धुते."

"कसली राख?"

"बॅटरीच्या भट्टीची."

त्यांनी पेन खाली ठेवला. "लेड पॉयझनिंग," म्हणाल्या. मला काय कळणार? मग त्यांनीच फोड करून सांगितलं. लेड म्हणजे शिसं. पॉयझन म्हणजे विष. शिशाचं विष अंगात भिनलंय, माझ्या आणि पोरीच्या पण. माझ्या हिरड्या मिशरीने आधीच काळ्या, म्हणून माझी रेघ इतके महिने कुणाला दिसली नव्हती. पोरीच्या गुलाबी हिरडीवर ती दिसली.

हे उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यातलं. ऐंशी साल उलटून चार-सहा वर्षं झाली असतील. मी माझा हात दाखवायला गेले होते. वनी नुसती पिशवी धरायला आलेली. ती त्या दिवशी हसली नसती तर आज मी हे सांगायला बसले नसते.

माझं माहेर बदलापूरकडचं, उल्हास नदीच्या काठचं. तिकडे आम्ही वाळूत हाताने खड्डा करायचो, पाणी झिरपून वर आलं की वाटीने हंड्यात भरायचो. लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा इथली वालधुनी नदी पण तशीच होती, जरा लहान. मासे मिळायचे, चिंबोऱ्या मिळायच्या. मग कंपन्या वाढल्या. पाणी एक दिवस तांबडं यायचं, एक दिवस निळं. आमची पोरं सकाळी पैज लावायची, आज कुठला रंग येणार म्हणून. आम्ही पण हसायचो. नदी म्हणजे कुणी माणूस नाही, तिला काय होतंय, असंच वाटायचं.

माझे मालक लवकर गेले. मुलगा बाळू कंपनीत होता, ती कंपनी बंद पडली. सून सुशीला उल्हासनगरला एका सिंधीणबाईच्या घरी पापड लाटायला जायची. मी घरी बसून काय करू? आमच्या चाळीतली हिराबाई म्हणाली, "चल माझ्याबरोबर, राख धू."

नदीच्या काठाला एक पत्र्याची शेड होती. नाव ना पाटी. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. आतलं पाणी नदीत सोडायचे, आतलं शिसं भट्टीत वितळवायचे. भट्टीची राख मागच्या बाजूला काठावर ओतायचे. त्या राखेत शिशाचे बारीक दाणे राहून जायचे. आम्ही बायका घमेल्यात राख घ्यायचो, गुडघाभर पाण्यात बसायचो आणि तांदूळ रोळतात तशी रोळायचो. हलकी राख वाहून जायची, जड दाणा तळाला राहायचा. साबुदाण्याएवढा, चकाकणारा. भंगारवाला तो घ्यायचा.

राख सगळी नदीत जायची, हे आम्ही कधी मनात आणलं नाही. शेडवाल्याने तर केलंच. पण घमेलं माझ्या हातात होतं. हे मला नंतर कळलं, म्हणून सांगते.

दाण्यात खडे पण यायचे, तसेच काळे, तसेच चकाकणारे. भंगारवाला खडे बघून तोंड वाकडं करायचा. म्हणून परीक्षा करायची रीत होती. दाणा दाताखाली धरायचा. मऊ दबला तर शिसं. कचकन वाजला तर खडा. सगळ्या बायका अशीच परीक्षा करायच्या. हिराबाईने मला हेच पहिल्यांदा शिकवलं.

माझं दुखणं पोटापासून सुरू झालं. बेंबीच्या भोवती असा पीळ पडायचा की मी जमिनीवर पालथी पडायची. चार-चार दिवस परसाकडला व्हायचं नाही. हिराबाई म्हणाली वट सरलीय, म्हणजे बेंबी सरकलीय, तिने तेल लावून पोट चोळलं. गल्लीतल्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव यायची. मी म्हटलं, मिशरी जास्त होतेय. पण कमी काही केली नाही.

मग एक दिवस भाकरी थापताना उजवा हात मनगटातून खाली लोंबला. भाकरी परातीत पडली. हात वर उचलू म्हटलं तर उचलेना. बोटं आपली खाली बघतायत. शेजारच्या बाया म्हणाल्या, लकवा. डॉक्टरबाईंनी त्याला रिस्ट ड्रॉप म्हटलं. मनगट उचलणाऱ्या नसा शिशाने मरगळल्या की हात असा गळतो.

वनीचं तर आम्ही दुखणं धरलंच नव्हतं. जेवायची नाही, रंग उतरलेला, पोटात दुखतं म्हणायची. सुशीलाने जंताचं औषध दिलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पूर्वी पटपट बोलायची, आता फळ्याकडे बघत बसते. मी म्हटलं, आळशी झालीय. एकदा पाठीत धपाटा पण घातला. त्या धपाट्याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरबाईंनी वनीला त्याच दिवशी ठेवून घेतलं. दोघींचं रक्त काढलं. मला म्हणाल्या, अ‍ॅनिमिया आहे, म्हणजे रक्त कमी झालंय. शिशाची मोजणी इथे होत नाही, नमुना मुंबईला पाठवावा लागेल. पोरीच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. वाढत्या हाडाच्या टोकाला पांढरी जाड पट्टी दिसली. "हाड शिशालाच कॅल्शियम समजून साठवतं," असं त्या म्हणाल्या. कॅल्शियम म्हणजे चुना, हाडाला लागतो तो.

मग त्यांनी विचारलं, "आजी, ही नदीवर येते तेव्हा तोंडात काही घालते का?"

मी म्हटलं, "लहान पोर आहे. माती खाते कधी कधी. भिंतीची पण खाते."

"आणखी काही?"

"नाही."

ते 'नाही' खोटं होतं.

संध्याकाळी सुशीला आली. अंगाला पापडाच्या हिंगाचा वास. तिने पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "आत्या, हिला तुमच्याकडे ठेवून मी कामाला जाते. तुम्ही हिला काय दिलं?"

मी डाव्या हाताने पोरीची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी वनीला उलट्या सुरू झाल्या. दुपारी तिने आईला ओळखलं नाही. सुशीला म्हणते, "वने, मी आई," आणि पोर आपली छताकडे बघते. मग हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. फिट आली. नर्स धावली, डॉक्टरबाई धावल्या. इंजेक्शन दिल्यावर पोर शांत झाली, पण ती शांतता मला फिटपेक्षा वाईट वाटली.

बाई मला बाकावरून उठवून बाजूला घेऊन गेल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मेंदूला सूज येतेय. राखेच्या नुसत्या धुळीने एवढं चढेल असं मला वाटत नाही. काय राहिलंय सांगायचं?"

सुशीला मागेच उभी होती. मी तिच्याकडे पाठ केली नाही. तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

माझे पुढचे दात पडलेले, राहिलेले हलत होते. दाणा धरला की दुखायचं. म्हणून परीक्षा वनी करायची. शाळा सुटली की ती नदीवर यायची, मी तिच्या तळहातावर दाणे द्यायची, ती एकेक दाताखाली धरायची. शिसं तर माझ्या ताटलीत टाकायची, खडा तर पाण्यात. तिला तो खेळ वाटायचा. कधी म्हणायची, आजी, एक गिळला गेला. मी म्हणायची, निघून जाईल उद्या.

सुशीलाने पदर तोंडाला लावला. 

डॉक्टरबाई पण रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं, आता दवाखान्यातून हाकलतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलं. पोटाचा एक्स-रे काढला नव्हता." आणि लगेच स्वतः पोरीची गाडी ढकलत घेऊन गेल्या.

फिल्म उजेडावर धरली तेव्हा मी बघितली. पोरीच्या आतड्यात पांढरे ठिपके होते. काळ्या रात्रीत चांदण्या दिसाव्यात तसे. मला ते लगेच ओळखू आले. माझ्याच ताटलीतले होते ते.

"हे आत आहेत तोवर विष चढतच राहणार," बाई म्हणाल्या. "आधी हे बाहेर काढायचे, मग रक्तातलं." त्यांनी नळीने औषध देऊन पोट साफ करायला घेतलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला, चिठ्ठी लिहिली, गाडी मिळवून दिली. गाडीत मला पण बसवलं. मी म्हटलं, "मला नको, पोरीचं बघा." त्या म्हणाल्या, "आजी, तुमचा पण एक्स-रे होईल आणि तुम्हाला पण औषध लागेल. जागा आहे, बसा."

बायांनो, तुम्हाला हे सांगण्यासाठीच बसलेय. डॉक्टर विचारतील तेव्हा लाज गुंडाळून ठेवा. मी एक दिवस लाज धरली. त्या एका दिवसाने पोरीचं काय गेलं, हे कुठला एक्स-रे सांगणार?

मुंबईला वनी पोरांच्या वॉर्डात, मी एक मजला खाली बायकांच्या वॉर्डात. सुशीला जिना चढायची, उतरायची. पापडाचं काम तिने सोडलं नव्हतं, पण सिंधीणबाईने निरोप पाठवला होता की पोरगी बरी होईपर्यंत येऊ नकोस, तुझं पाट-लाटणं कुणाला देत नाही. तिने शब्द पाळला.

पोरीला ईडीटीए नावाचं इंजेक्शन सुरू केलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "हे औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं." पाच दिवस द्यायचं, मग थांबायचं, मग परत पाच दिवस. लघवी बाटलीत धरून मोजायची, कारण त्या औषधाने मूत्रपिंडावर भार येतो. सुशीला रात्रंदिवस बाटली धरायची. मला कॅप्सुला दिल्या. पेनिसिलामाइन. त्यांचं पण काम तेच. बाटली उघडली की कुजलेल्या अंड्यासारखा वास, पण मी नाक मुरडलं नाही.

चार दिवस सुशीला माझ्याशी बोलली नाही. खाली यायची, माझ्या खाटेपाशी पाणी ठेवायची, जायची. पोर कशी आहे हे मी नर्सकडून ऐकायची.  बाळूने एकदा तिची बाजू सोडून माझी घेतली, तर मीच त्याला गप्प केलं. तिचं पोर होतं. तिचा राग रास्त होता.

डावा हात पण एव्हाना मनगटातून गळायला लागला होता. चमचा धरता येईना. दवाखान्याचा भात पुढ्यात ठेवून मी बसून राहायची. ताटाला तोंड लावून खायला मला जड जायचं. शेजारच्या खाटेवरची बाई दोनदा म्हणाली, भरवते. मी नको म्हटलं.

पाचव्या दिवशी सुशीला आली. ताटाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. खाटेच्या कडेला बसली. भात कालवला, घास केला आणि माझ्या तोंडापाशी धरला.

"उघडा तोंड. दात नसले तरी चालतंय, भात आहे. परीक्षा नाही करायची."

आधी मला ते लागलं. मग मला हसू आलं. ती पण हसली आणि मग तिचे डोळे वाहायला लागले. हात मात्र तसाच धरलेला, घास घेऊन. मी तो खाल्ला. ताट खाली ठेवताना ती म्हणाली, "वनीने सकाळी पाणी मागितलं. आई म्हणाली मला."

त्या दिवसापासून दोन वेळा ती वर पोरीला भरवायची आणि खाली मला. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं असेल. पण त्या घासाएवढं कुणी दिलं नाही.

वनी बरी होत गेली, पण हळूहळू. पहिल्यांदा माणसं ओळखली. मग चालायला लागली, भिंत धरून. मोठे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचलाय. बुद्धी किती सावरेल, आज सांगता येणार नाही. घरी चांगलं खायला घाला, दूध, अंडी, आणि त्या राखेच्या जवळ फिरकू देऊ नका."

घरी पाठवताना त्यांनी बाळूला नीट समजावलं. माझी नदीवरची लुगडी टाकून द्यायची. घमेलं घरात आणायचं नाही. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर धूळ उडून पुन्हा पोटात जाते. नदीकाठचं अळू, भाजी खायची नाही. घरात शिरायच्या आधी हात धुवायचे, जेवायच्या आधी पुन्हा धुवायचे. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मिशरी बंद. राखेचं बोट थेट हिरडीला लावत होतात तुम्ही."

चाळीस वर्षांची मिशरी मी त्या दिवशी सोडली. तिचं सांगण्यासारखं काही नाही. सोडली.

घरी आल्यावर मी पहिली हिराबाईकडे गेले. ती घमेलं घेऊन निघालीच होती. मी म्हटलं, "जाऊ नको." ती म्हणाली, "तुझा हात गळला म्हणून आम्ही सगळ्यांनी हात बांधून बसायचं का? माझं पोट काय डॉक्टर भरणार?" बोलणं बरोबरच होतं तिचं. मी भांडले नाही. दारात बसले नि म्हटलं, "एकदा ओठ खाली कर." तिच्या पण हिरड्या मिशरीने काळ्या. काही कळेना. मग तिचा धाकटा मुलगा बाहेर आला. मी त्याला म्हटलं, हस. तो हसला.

हिराबाईने त्याच्या हिरडीकडे बघितलं. घमेलं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्याचं लवकर सापडलं, नुसत्या कॅप्सुलांवर निभावलं. हळूहळू आठ-दहा घरांतली पोरं गेली. डॉक्टरबाईंनी वरती पत्रं लिहिली. काही महिन्यांनी शेड उठली. कुठे गेली माहीत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी नदीच्या काठाला गेली असेल, याचा मला घोर आहे.

माझा उजवा हात वर्षभराने उठला. पुरता नाही. भाकरी थापता येते, जरा वेडीवाकडी. वनी दोनदा नापास झाली. आठवीनंतर शाळा सुटली. हिशोब तिला जमत नाही, चार वस्तू आणायला सांगितल्या की एक विसरते. पण माणसाला जीव लावते, आणि हात तिचे सुगरणीचे आहेत. आईबरोबर पापडाला जायची. ती सिंधीणबाई म्हणायची, हिच्यासारखा पातळ पापड कुणी लाटत नाही. मी त्या बाईला, सुशीलाला, डॉक्टरबाईंना रोज वंदनेच्या वेळी आठवते. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली की तीन नावं घेते, मग बाकीच्यांची.

आता वनीचं लग्न झालंय, सोनिवलीला दिलीय, माझ्या माहेराच्या बाजूला. नदीचं पाणी तिकडे पण आधीसारखं नाही. इकडे तर कारखान्यात धुतलेल्या जीन पँटींचा निळा रंग पाण्यात येतो. मी ते थांबवू शकत नाही. मी एवढंच करते की दारात बसते आणि नाल्याकडून खेळून येणाऱ्या पोरांना हाक मारते, "तोंड दाखव रे." सगळी गल्ली मला हिरडीवाली आजी म्हणते. पोरं चिडवायला म्हणून लांबूनच ओठ ताणून दाखवत येतात. चिडवू देत. हिरडी दिसली की झालं.

मागच्या महिन्यात वनी बाळ घेऊन आली. मुलगी झालीय. अजून दात नाहीत. मी बाळाचा ओठ हळूच खाली केला. वनी म्हणाली, "आजी, अगं तिला दात तरी येऊ दे," आणि हसायला लागली.

ती हसली की अजूनही मी आधी तिच्या हिरड्या बघते, मग हसू. दोन्ही चांगलं होतं.